अक्कलदाढ काढल्यानंतरचे सात दिवस

माणसाच्या तोंडांत बत्तीस दांत असतात असें आपण शाळेंत पाठ केलेलें असतें. त्यांपैकीं अठ्ठावीस शाळा चालूं असतांनाच हजर होतात. उरलेले चार मात्र शाळा सुटल्यावर, सतराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत केव्हां तरी, जबड्याच्या अगदीं मागच्या कोपऱ्यांत डोकावूं लागतात. ह्याच आपल्या अक्कलदाढा. ‘अक्कल’ हा शब्द मूळ अरबी, आणि अरबी भाषेंतहि ह्या दाढेचें नांव अकलेचेंच आहे. लॅटिन भाषेनेंहि तिला शहाणपण बहाल केलें. जपानी लोक तिला ‘आईबापांना ठाऊक नसलेली’ म्हणतात, आणि कोरियांत ती प्रेमाची दाढ होते. वय एकच, पण त्या वयांत कोणाला काय दिसलें हें नांवावरून कळतें. आम्हां मराठी मंडळींना तरुण मुलांच्या अकलेची काळजी फार, म्हणून आम्हीं अरबांचेंच नांव पसंत केलें असावें.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर ह्या नांवाचा आणि वस्तुस्थितीचा कांहींएक संबंध नाहीं. माझी दाढ आली तेव्हां मला अक्कल आली नाहीं, आणि ती काढली तेव्हां असलेली थोडी अक्कलहि तिच्याबरोबर गेली असें तीन दिवस तरी मला वाटत होतें.

तेव्हां मी चोवीस वर्षांचा होतों. बीड शहरांत शिक्षकाची नवीच नोकरी लागली होती आणि एका खोलींत एकटाच राहत होतों. डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ पुढच्या दाढेवर आडवी रेलली होती. ती काढून झाल्यावर दंतवैद्यांनीं मला अगदीं स्पष्ट शब्दांत बजावलें होतें: हा बोळा तासभर घट्ट चावून धरा, आज चूळ भरूं नका, थुंकूं नका, विडीसिगरेट ओढूं नका. शिक्षकाला सूचना देण्याची सवय असते, ऐकण्याची नसते. मीं मान डोलावली आणि घरीं आलों. तोंडांत रक्ताची खारट चव आली तेव्हां मला स्वच्छतेची हुक्की आली. मोरीशीं बसून तांब्याभर पाण्यानें खळखळून चुळा भरल्या. पाणी तांबूस दिसलें, म्हणून आणखी एक तांब्या. सायंकाळीं दोन मित्र समाचाराला आले. त्यांच्या संगतींत एक सिगरेटहि ओढली. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशीं, जेव्हां दुखणें उतरावयाचें, तेव्हां तें चढूं लागलें. जबड्यांतून कानांत, कानांतून कपाळांत. तोंडाला अशी घाण येऊं लागली कीं माझाच मला वीट आला. ती रात्र मीं भिंतीला डोकें लावून काढली. चौथ्या दिवशीं दंतवैद्यांनीं तोंडांत आरसा घातला, क्षणभर पाहिलें आणि म्हणाले, “मास्तर, आम्हीं केलेली शस्त्रक्रिया शाबूत आहे, तुमच्या शरीरानें केलेली तेवढी तुम्हीं धुऊन टाकलीत.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुढें हळूहळू कळला. दाढ उपटली म्हणजे जबड्याच्या हाडांत एक खोबण मोकळी राहते. तिच्यांत रक्त भरतें आणि थोड्याच वेळांत त्याची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. उघड्या पडलेल्या हाडावर निसर्गानें घातलेलें तें पांघरूण आहे, आणि नव्या मांसाचे धागे त्याच्याच आधारानें विणले जातात. तीनचार आठवड्यांत हिरडीची कातडी वरून मिळून येते आणि पुढच्या तीन ते सहा महिन्यांत खोबण नव्या हाडानें भरून जाते. परंतु ही गुठळी पहिल्या कांहीं दिवसांत सुटली किंवा विरघळली, तर हाड उघडें पडतें आणि मग माझी झाली ती गत होते. ह्या विकाराला क्रॉफर्ड नांवाच्या दंतवैद्यानें १८९६ सालीं ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी खोबण, असें नांव दिलें. सर्वसाधारण दांत काढल्यावर ती शंभरांत दोन ते पांच जणांना होते. खालची अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर मात्र कांहीं पाहण्यांत हें प्रमाण शेंकडा तिसापर्यंतहि गेलेलें आहे. तिच्यावर उपाय आहे: खोबण हलक्या हातानें धुऊन तींत औषधाची पट्टी बसवितात. त्या औषधांत बहुधा लवंगेच्या तेलाचें सत्त्व असतें, आणि तासाभरांत रोग्याच्या चेहऱ्यावर माणूसपण परत येतें. आमच्या आजीची लवंग सर्वस्वी खोटी नव्हती, एवढें तिच्या बाजूनें नमूद करतों. मात्र ताज्या जखमेवर आपल्या हातानें लवंगेचें तेल ओतणें हा निराळा प्रकार. त्यानें कोवळें मांस भाजतें.

हें सर्व आज आठवण्याचें कारण माझी पुतणी. ती पुण्याला नोकरीला असते. गेल्या भाद्रपदांत सुटीला अंबाजोगाईस आली ती गाल धरूनच. मीहि आतां निवृत्त होऊन ह्याच गांवीं स्थायिक झालों आहें. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या ह्या गांवाचें नांव निजामाच्या अमदानींत मोमिनाबाद होतें. पुढें १९७४ सालीं ग्रामीण भागासाठीं म्हणून येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थांचें नांव दिलें गेलें. जिल्ह्यांतील आणि जिल्ह्याबाहेरील किती गांवांचीं दुखणीं ह्या रुग्णालयाच्या बांकांवर येऊन बसतात हें पाहावयाचें असेल तर एक सकाळ तेथें काढावी. दंतविभागाबाहेर आम्ही काकापुतणी बसलों होतों, आणि आमच्या शेजारीं धारूर तालुक्यांतील एका खेड्यांतून आलेल्या सासूसुना होत्या. सुनेचें वय बावीसतेवीस, म्हणजे माझ्या पुतणीच्याच जोडीचें. तिचाहि उजवा गाल सुजलेला. दोघींचें दुखणें एक, दाढहि एकच. फक्त बाजू वेगळ्या.

थोड्या वेळानें त्या मुलीनें पदराआडून मला विचारलें, “काका, दाढ काढल्यावर कोयता कव्हा धरता येतो?”

शहरांतील श्रोत्यांना ह्या प्रश्नाचा अर्थ थोडा उलगडून सांगावा लागेल. बीड जिल्ह्यांतून दसरादिवाळीच्या सुमारास लक्षावधि माणसें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेस ‘उचल’ म्हणतात, आणि ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. एक दिवस काम चुकलें तर तो ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडहि कापला जातो. राहावयाचें तें फडाजवळच्या कोपींत. तेव्हां कोयता केव्हां धरतां येईल, ह्या प्रश्नांत दुखण्याची चौकशी थोडी आणि हिशेबाची फार होती.

आंत गेल्यावर सासूबाईंनीं डॉक्टरबाईंना एका वाक्यांत निकाल सांगून टाकला: “समद्याच काढून टाका, म्हंजी पुन्हा कटकट नको.” ह्या वाक्यानें माझ्या अंगावर कांटा आला. कारण हेंच वाक्य ह्या जिल्ह्यांत दुसऱ्या एका अवयवाविषयीं फार वेळां बोललें गेलें आहे. राज्य शासनानें नेमलेल्या समितीनें २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. दुखण्याला सुटी लागते, काढून टाकलेल्या अवयवाला लागत नाहीं, असा तो भयंकर हिशेब. डॉक्टरबाई तरुण होत्या, परंतु त्यांनीं मान हलविली ती ठामपणानें. “आजी, जी त्रास देते तेवढीच काढायची,” त्या म्हणाल्या. आणि हें केवळ त्यांचें मत नव्हे. इंग्लंडमध्यें २००० सालापासून तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेला असा दंडकच घालून दिला आहे कीं, निरोगी अक्कलदाढ पुढें कधीं तरी त्रास देईल एवढ्याच भीतीनें काढूं नये. मुळांत पुष्कळांना ह्या चारहि दाढा येत नाहींत. जगांत साधारणपणें पांचांतील एका माणसाला निदान एक तरी अक्कलदाढ जन्मतःच नसते. ज्यांना येतात त्यांपैकीं कित्येकांच्या त्या सरळ उभ्या राहून आयुष्यभर भाकरी चावतात. जबड्यांत जागा अपुरी पडली तर मात्र दाढ आडवी किंवा तिरपी अडकते, तिच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर राहतो, त्याखालीं अन्नाचे कण कुजतात आणि तेथें वारंवार सूज येते. त्या मुलीची ही तिसरी खेप होती. मागची खेप फडावरची.

डॉक्टरबाईंनीं छायाचित्र घेतलें, प्रथम औषधानें सूज उतरविली आणि पुढच्या आठवड्यांत दोघींनाहि एकाच दिवशीं बोलाविलें. दसऱ्याला अजून अवकाश होता. “आतां काढली तर पहिले सात दिवस माझे, नंतरचे तुझे,” त्या मुलीला म्हणाल्या. “आणि फडावर पुन्हा सुजली तर तेथें कोण बघणार?”

प्रत्यक्ष दाढ काढण्याविषयीं मी फार बोलणार नाहीं. सुश्रुतानें दांत काढण्याच्या हत्याराला ‘दंतशंकु’ हें नांव दिलें, त्या काळापासून परवांपरवांपर्यंत ह्या प्रकाराची जी धास्ती होती ती आतां उरली नाहीं. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लिडोकेन हें बधिरतेचें औषध तयार झालें, आणि तेव्हांपासून खुर्चींत बसलेल्या माणसाला ओढ आणि दाब जाणवतो, दुखणें जाणवत नाहीं. धास्ती धरावयाची तर ती खुर्चींतून उठल्यानंतरची.

पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा, आणि त्या दिवशीं करावयाचें थोडें, टाळावयाचें पुष्कळ. स्वच्छ कापडाचा किंवा गाजेचा बोळा अर्धा तास ते तासभर दाबून धरावा; दर पांच मिनिटांनीं तो काढून ‘थांबलें का’ म्हणून पाहूं नये, कारण त्या पाहण्यानेंच तें पुन्हा सुरू होतें. लाळ थोडी तांबूस येईल. एक थेंब रक्त घोटभर लाळेला लाल करूं शकतें, हें लक्षांत ठेवून ती मुकाट्यानें गिळावी. थुंकण्यानें आणि नळीनें ओढून पिण्यानें तोंडांत जी ओढ निर्माण होते ती गुठळीला उचकटते. आमच्या पुतणीनें घरीं येतांना रसवंतीसमोर गाडी थांबवावयास सांगितली, आणि तो थंडगार रस नळीनें प्यावयाचा तिचा विचार होता. मीं माझ्या तांब्याची गोष्ट सांगितली तेव्हां ती हिरमुसली. ओठ आणि जीभ तीनचार तास बधिर राहतात, तोंवर कढत चहा घेऊं नये आणि कांहीं चावूं नये. नाहीं तर अन्नाऐवजीं आपलाच गाल चावला जातो आणि कळत नाहीं. डॉक्टरांनीं दिलेली वेदनाशामक गोळी बधिरता उतरण्याच्या आधींच घ्यावी. दुखणें घरांत शिरल्यावर दार लावण्यांत अर्थ नाहीं. ॲस्पिरिन आपल्या मनानें घेऊं नये, कारण तें रक्त गोठूं देत नाहीं. मात्र हृदयविकारासाठीं जे तें नेहमीं घेतात त्यांनीं तें आपल्या मनानें बंदहि करूं नये, आधींच डॉक्टरांस विचारावें. रात्रीं उशाला दोन उशा घ्याव्या. गालावर बाहेरून बर्फ कपड्यांत गुंडाळून वीस मिनिटें ठेवावा, वीस मिनिटें काढावा. हा शेक पहिल्या दिवसापुरता. त्या मुलीच्या घरीं बर्फ नव्हता. “माठाच्या पाण्याचा फडका चालेल का?” तिनें विचारलें, आणि “बर्फाइतका नाहीं, पण चालेल,” असें उत्तर मिळालें.

दुसऱ्या दिवसापासून चुळा सुरू कराव्यात. कोमट पाण्यांत मीठ घालून, दिवसांतून चारपांच वेळां, विशेषतः जेवणानंतर. परंतु त्या खळखळून नव्हेत. पाणी तोंडांत घ्यावें, मान हळूच इकडून तिकडे कलती करावी आणि तें आपोआप सांडूं द्यावें. ज्यास माझ्यासारखी स्वच्छतेची हुक्की येते त्यानें इतर दांत खुशाल घासावे, जखमेपासून दूर राहून.

आतां सूज. लोक सर्वांत अधिक घाबरतात ते तिला, आणि घाबरतात तेहि चुकीच्या दिवशीं. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आरशांत पाहिलें तर गाल मोठा दिसतो. तिसऱ्या दिवशीं तो आणखी मोठा दिसतो. पुतणीची आई तर पुण्यास फोन करून दुसरे डॉक्टर शोधूं लागली होती. परंतु ह्या सुजेचा भरच दोन ते तीन दिवसांनीं येतो आणि मग ती उतरूं लागते; गालावर कधीं हिरवापिवळा डाग उमटतो, तोहि आठवड्यांत जातो. दांतखिळी बसण्याचा प्रकार असाच. एरवीं ती भीतीनें बसते असें आपण म्हणतों. येथें जबड्याचे स्नायु आंखडल्यानें बसते. निरोगी तोंडांत तीन बोटें उभीं मावतात. अशा वेळीं एक बोट शिरणेंहि कठीण होतें. ती एकदोन आठवड्यांत सुटते. पहिले दोनतीन दिवस गेल्यावर बाहेरून ऊब द्यावी आणि हळूहळू तोंड उघडण्याचा सराव करावा. कांहीं जणांचा खालचा ओठ किंवा जिभेची कड बधिरता उतरल्यानंतरहि मुकी राहते, कारण खालच्या दाढेच्या मुळांजवळून एक मज्जातंतु जातो. बहुतेकांची ती बधिरता कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते. परंतु डॉक्टरांना तें सांगितलें पाहिजे.

खाण्याविषयीं आमच्या घरांत एक सभाच भरली होती. पहिल्या दिवशीं गार दूध, ताक, पातळ पेज. मग मऊ ताकभात, कोमट वरण, ज्वारीचें आंबील. आंबिलाला आमच्या भागांत दुखणाइताचें अन्न म्हणून जो मान आहे तो ह्या प्रसंगीं पूर्णपणें सार्थ ठरतो: पोट भरतें आणि चावावें लागत नाहीं. बाजरीची कडक भाकरी, शेंगदाणे, चिवडा आणि तिखट ठेचा ह्यांना आठवडाभर नमस्कार. दिवस सीताफळांचे होते, आणि बालाघाटच्या सीताफळांची महती मी सांगावयास नको. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. फळ मऊ, म्हणून पुतणीनें तें मागितलें. परंतु त्याची एखादी बी खोबणींत जाऊन बसली तर काय घ्या! शेवटीं तिच्या आईनें गर चाळणींतून काढून वाटींत दिला. घरांत आई असली म्हणजे दाढ काढणें किती सोपें जातें हें त्या वाटीवरून मला कळलें. चोवीस वर्षांचा मी, एका खोलींत, समाचाराला आलेल्या मित्रांच्या सिगरेटी ओढीत होतों.

ह्याच ओघांत तंबाखूचा विषय निघतो, आणि तो टाळतां येत नाहीं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा २६.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८, बाकीचा सर्व भार खाण्याच्या आणि लावण्याच्या तंबाखूवर. आमच्याकडे कित्येक स्त्रियांचा दिवस मिश्रीनें सुरू होतो. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटावर घेऊन दांतांना घासावयाची, आणि मग थुंकावयाचें. म्हणजे ज्या ज्या गोष्टी गुठळीला घातक, त्या सर्व एकाच कृतींत: तंबाखूच्या सत्त्वानें रक्तवाहिन्या आंखडतात आणि जखमेला रक्त कमी मिळतें, बोटानें जखम चोळली जाते, आणि थुंकण्यानें ओढ पडते. डॉक्टरबाईंनीं त्या मुलीला सात दिवस मिश्री बंद असें सांगितलें तेव्हां दाढ काढण्याचें ऐकून न घाबरलेली ती मुलगी घाबरली. “मंग सकाळी करू काय?” तिनें विचारलें. सासूबाईंच्याहि कमरेला डबी होतीच. त्यांनीं सुनेकडे पाहिलें, मग डॉक्टरबाईंकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “हिची डबी माझ्याकडं राहील.” आपली डबी कोणाकडे राहील ह्याविषयीं त्या कांहीं बोलल्या नाहींत.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं त्यांत ‘सोसा, होईल बरें’ हा सल्ला प्राणावर बेतूं शकतो. बोळा तासभर दाबून धरल्यावरहि रक्त वाहतच राहणें, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजीं वाढणें, ताप येणें, आणि विशेषतः हनुवटीखालीं कठीण सूज येऊन गिळतांना किंवा श्वास घेतांना अडथळा होणें. हा शेवटचा प्रकार लुडविग नांवाच्या जर्मन वैद्यानें १८३६ सालीं वर्णन केला. दाढेंतील पू जिभेच्या तळाशीं उतरतो आणि श्वासाची वाट दाबतो. तेथें रात्र काढावयाची नसते. असेल त्या वाहनानें मोठें रुग्णालय गांठावयाचें असतें. उसाच्या फडावरून मोठें रुग्णालय किती दूर असतें, हा विचार मीं त्या बांकावर बसून केला, आणि ‘सात दिवस माझे’ असें म्हणणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचा हट्ट मला अधिक समजला.

कारण ह्या दुखण्यांत औषध थोडें आणि दिवस फार लागतात. दोनतीन दिवस ओणवें व्हावयाचें नाहीं, जड उचलावयाचें नाहीं, उन्हांत राबावयाचें नाहीं. कारण रक्ताचा दाब चढला कीं जखम पुन्हा वाहूं लागते. माझ्या पुतणीनें कचेरींत एक पत्र पाठविलें आणि तिला चार दिवस मिळाले. ऊस तोडणारी बाई दिवसभर ओणवीच असते, आणि उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. तिला ते चार दिवस मिळावयाचे तर ते तिनें दसऱ्याच्या आधींच आपल्या घरांत शोधून काढले पाहिजेत. त्या सासूनें ते शोधले. पाणी कोणी भरावयाचें, जनावरांकडे कोणी पाहावयाचें आणि तान्हें मूल कोणी घ्यावयाचें, ह्याची वांटणी बांकावर बसल्याबसल्याच झाली. ती ऐकतांना मला वाटलें, शल्यवैद्याच्या हत्याराइतकीच ही वांटणी त्या जखमेला आवश्यक होती, आणि तिच्याबद्दल त्या आजीला कोणी दाद देणार नव्हतें.

सातव्या दिवशीं टांके काढण्यासाठीं दोघीहि आल्या. माझ्या पुतणीचा गाल अजून किंचित् फुगलेला. त्या मुलीचा अगदीं उतरलेला. डॉक्टरबाईंनीं दोघींच्या खोबणी पाहिल्या. गुठळ्या जागेवर होत्या आणि वर कोवळें गुलाबी मांस धरलें होतें. “अजून महिनाभर जेवणानंतर चूळ भरावयाची, खांचेंत अन्न अडकूं द्यावयाचें नाहीं,” असें त्यांनीं दोघींनाहि सांगितलें, आणि भाकरी दुधांत कुस्करून खावयास हरकत नाहीं म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मीं त्या मुलीला मिश्रीविषयीं विचारलें.

“डबी आत्याबाईंनी लपवलीय,” ती म्हणाली. “कुठं, ते मला ठाऊक हाय. चुलीमागं.”

“मग?”

“दसरा होऊ द्या,” ती म्हणाली. “मग बघू, मागायची का न्हाई ते.”